ज्येष्ठांची समुद्रसहल : ताट, तोल आणि परतीची वाट

गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. पूर्वी सत्तरीतले रुग्ण विचारीत, ‘डॉक्टर, चारधाम झेपेल का?’ आता विचारतात, ‘डॉक्टर, क्रूझला जाऊ का?’ मुले सिंगापूरची तिकिटे काढतात, सहल कंपनी शाकाहारी जेवणाची हमी देते, आणि रोज नवे हॉटेल नाही, सामान वाहणे नाही, हे ऐकून गुडघेदुखीने बेजार झालेल्या माणसालाही हुरूप येतो. या म्हणण्यात तथ्य आहे. एकदा खोलीत बॅग उघडली की चार दिवस ती पुन्हा भरावी लागत नाही, आणि थकवा आला तर पलंग दोन मजल्यांच्या अंतरावर असतो. त्यामुळे मीही दोन-चार ठरावीक सूचना देऊन ‘जाऊन या’ म्हणत असे. सासूबाईंना घेऊन मी स्वतः जाऊन आले, तेव्हापासून मात्र या प्रश्नाला उत्तर देताना मला अर्धा तास लागतो.

सासूबाई ७७ वर्षांच्या. रक्तदाब आणि मधुमेह जुना. तीन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला आणि हृदयाची पंपशक्ती थोडी कमी झाली. म्हणून रोज सकाळी इतर औषधांबरोबर फ्युरोसेमाइडची, म्हणजे आपण ‘लघवीची गोळी’ म्हणतो ती, एक गोळी. निघण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवले, त्यांनी परवानगी दिली. सिंगापूरहून निघायचे, मलेशियातील पेनांग आणि थायलंडमधील फुकेत पाहायचे, एक दिवस नुसता समुद्रात, आणि पाचव्या दिवशी सकाळी परत सिंगापूर असा चार रात्रींचा कार्यक्रम होता. बरोबर सहलीतली तीस मंडळी, आणि घरातले आम्ही तिघे : सासूबाई, माझे यजमान आणि मी.

जहाजावरच्या जेवणाविषयी बोलायचे तर इतिहासाची एक गंमत आधी सांगायला हवी. शिडाच्या जहाजांच्या काळात दीर्घ सफरीवरचे खलाशी स्कर्व्हीने मरत. ताजी फळे-भाजी नसल्याने क जीवनसत्त्वाची उणीव होई. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारातील वैद्याने बारा आजारी खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगवेगळा उपचार दिला, आणि संत्री-लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर बरी झाली. आज त्याच समुद्रावरून जाणाऱ्या जहाजाच्या भोजनगृहात शिरले की दुखणे नेमके उलट्या बाजूचे असते. सकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत काही ना काही मांडलेलेच असते, आणि पैसे आधीच भरलेले असल्यामुळे ‘सोडायचे कशाला’ हा विचार आपल्या पिढीच्या मनातून जाता जात नाही.

गोडाची धास्ती सगळ्यांनाच असते, आमच्याकडेही होती. सासूबाईंच्या पानात पुडिंग आले की मी डोळे मोठे करीत असे. माझे लक्ष साखरेवर राहिले आणि मीठ बाजूने निसटून गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर मीठ खावे. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्येच साधारण सव्वादोन ग्रॅम मीठ असते. सूप, पाव, चीज, लोणचे, पापड, शिवाय सहल कंपनीने मुद्दाम मांडलेला फरसाण. सासूबाईंना दातांमुळे चावायला त्रास होतो, म्हणून त्या दोन्ही वेळा वाटीभर गरम सूप आवडीने घेत. ‘किती हलके आहे,’ असे त्या म्हणत आणि मीही माना डोलावीत असे. पोटाला ते हलके होते, पण हृदयाला नव्हते. शरीरात मीठ साठले की त्याच्यामागे पाणी साठते, आणि दुबळ्या हृदयाला ते वाढलेले पाणी उपसता येत नाही.

आता मी सांगते ते असे. भोजनगृहात प्रथम एक फेरी रिकाम्या हाताने मारावी आणि मग ताट घ्यावे. सूप आणि सॉस या दोहोंपैकी दिवसातून एकच, तेही अर्धी वाटी. साधा भात, दही, उकडलेल्या भाज्या, सोलून खाता येणारी फळे यांवर भर द्यावा. कमी मिठाचे जेवण हवे असेल तर ते आरक्षणाच्या वेळीच सहल कंपनीमार्फत कळवावे. हजारो माणसांचा स्वयंपाक असलेल्या मुदपाकखान्यात ऐन वेळी सांगून फारसे काही होत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष सांभाळावी. गोळी घेऊन किनाऱ्यावर उतरले, बस रहदारीत अडकली आणि जेवण दोन तास लांबले, तर साखर झपाट्याने उतरते. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणे दिसले की तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग काहीतरी खायला द्यावे. साखरेची पुडी सोबत्याच्या खिशात असावी. बसमधल्या पिशवीत असून उपयोग नाही.

हातांविषयीही थोडे सांगायला हवे. भोजनगृहाच्या दारात सॅनिटायझर घेऊन कर्मचारी उभा असतो, आणि त्याचे दोन थेंब घेतले की आपले कर्तव्य संपले असे वाटते. जहाजांवर जुलाब-उलट्यांची साथ पसरविण्यात नोरोव्हायरस कुप्रसिद्ध आहे, आणि त्याच्यावर अल्कोहोलचा सॅनिटायझर फारसा चालत नाही. साबण आणि वाहते पाणी, निदान वीस सेकंद, हाच खरा उपाय. हा त्रास बहुतेकांचा एक ते तीन दिवसांत ओसरतो. पण म्हाताऱ्या माणसाचे शरीर लवकर सुकते, त्यात रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्या चालू असतील तर मूत्रपिंडावर ताण येतो. जलसंजीवनीची पाकिटे बरोबर ठेवावीत आणि जुलाब सुरू झाल्यास जहाजावरच्या डॉक्टरांना लगेच कळवावे. खोलीत थांबायला सांगतील या भीतीने पुष्कळजण लपवितात. लपविण्याचा हा विषय पुढे पुन्हा येणार आहे.

बोट लागण्याची भीती मात्र बरीचशी अनाठायी ठरली. एवढे मोठे जहाज शांत समुद्रात फारसे हलत नाही. कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय ‘हलते आहे’ सांगते आणि खोलीच्या भिंतीकडे पाहणारे डोळे ‘स्थिर आहे’ सांगतात, या भांडणातून मळमळ होते. म्हणून खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागातली खोली मागावी. अस्वस्थ वाटले तर बाहेर येऊन क्षितिजाकडे पाहावे. आल्याचा तुकडा चघळण्यास हरकत नाही. मात्र प्रवासात उलटी होऊ नये म्हणून आपल्याकडे सर्रास दिली जाणारी प्रोमेथाझिनसारखी गोळी ज्येष्ठांनी स्वतःच्या मनाने घेऊ नये. तिने गुंगी येते, तोंड कोरडे पडते, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते, काचबिंदूचा एक प्रकार बळावू शकतो, आणि रात्री गोंधळून उठलेला माणूस पडतो. जहाजाच्या न्हाणीघराला बहुधा उंचवट्याचा उंबरा असतो. आमच्या गटातील एक काका पहिल्याच रात्री त्याला अडखळले. नशिबाने हात धरायच्या दांडीवर पडला. त्यानंतर आम्ही न्हाणीघराचा दिवा चालू ठेवून दार किलकिले करून झोपू लागलो.

या सगळ्या सावधगिरीच्या गोष्टी वाचून कोणी बेत रद्द करू नये, म्हणून तिथे सासूबाईंनी काय काय केले तेही लिहिते. निघतानाच्या आपत्कालीन कवायतीला त्या अत्यंत गांभीर्याने उपस्थित राहिल्या. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आपटून ३२ माणसे दगावली. त्यानंतर नियम कडक होऊन ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच करणे बंधनकारक झाले. ती कोणीही चुकवू नये, आणि काठी किंवा चाकाची खुर्ची लागणाऱ्यांनी आपले जमण्याचे ठिकाण व तिथवर कोण मदत करील हे तेव्हाच विचारून घ्यावे. रोज पहाटे सासूबाई वरच्या डेकवरच्या चालण्याच्या पट्ट्यावर दोन फेऱ्या मारीत. खुर्चीत बसून करायच्या व्यायामाचा वर्ग होता. तिथे त्यांना राजकोटच्या एक आजी भेटल्या. दोघींचे हिंदी सारखेच मोडके, त्यामुळे गप्पांना खंड पडला नाही. त्या दोघी कलिंगडावर फुले कोरणाऱ्या आचाऱ्यासमोर तासभर उभ्या राहिल्या. खोली आवरणाऱ्या मुलाने टॉवेलची घडी घालून केलेला हत्ती सासूबाईंनी मोडू दिला नाही, तो शेवटपर्यंत टेबलावर होता. सासरे गेल्यापासून मी त्यांना इतके मोकळे हसताना पाहिले नव्हते. गरम पाण्याच्या कुंडात मात्र त्यांना बसू दिले नाही : रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला गरम पाण्यातून एकदम उठल्यावर भोवळ येऊ शकते.

पेनांगला जहाज धक्क्याला लागते आणि जॉर्जटाउनचा जुना भाग जवळच असतो. फुकेतला आमचे मोठे जहाज दूर समुद्रात थांबले व लहान होडीतून किनाऱ्यावर जावे लागले. होडीत पाय टाकताना खलाशी दोन्ही बाजूंनी हात धरतात. तो हात लाजून नाकारू नये, आणि आपला हात मोकळा राहावा म्हणून पिशवी पाठीवर घ्यावी. दोन्ही ठिकाणी दमट उकाडा प्रचंड. संध्याकाळी सासूबाईंच्या सँडलचा पट्टा शेवटच्या भोकात बसेना, तेव्हा मी म्हटले, ‘चालून चालून पाय सुजलेत.’ चौथ्या रात्री त्यांनी दुसरी उशी मागितली. ‘एसीने घसा कोरडा पडतोय गं, आडवं पडलं की खोकला येतो,’ असे त्या म्हणाल्या. मी एसी कमी केला आणि झोपले. हेच दवाखान्यात समोरच्या रुग्णाने सांगितले असते तर मी त्याला लगेच तपासण्याच्या टेबलावर घेतले असते.

शेवटच्या रात्रीची पद्धत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सविस्तर सांगते, कारण अडचण नेमकी तिथे होते. दुसऱ्या दिवशी हजारो प्रवाशांना उतरवायचे असल्याने मोठ्या बॅगांना चिठ्ठ्या लावून त्या रात्रीच खोलीबाहेर ठेवायला सांगतात. मध्यरात्री त्या नेल्या जातात आणि सकाळी थेट बंदरावरच्या दालनात मिळतात. म्हणजे साधारण बारा तास ती बॅग तुमच्या हातात नसते. मी हिशेबाच्या खिडकीवर रांगेत उभी होते, यजमानांनी सामान भरले, आणि औषधांचा डबा मोठ्या बॅगेत गेला. सकाळी साडेसहाला लक्षात आले. ‘एका दिवसानं काय बिघडतं?’ सासूबाई म्हणाल्या. मधुमेहाची गोळी न घेता नाश्ता झाला, मग बाहेर पडण्यासाठी क्रमांक पुकारेपर्यंत बैठकीत दोन तास.

बंदरावर बॅग मिळाली, तशी मी तिथेच जमिनीवर बसून डबा काढला. आठवड्याच्या सात कप्प्यांचा तो डबा मीच आणून दिला होता आणि निघण्यापूर्वी मीच भरला होता. सोमवारचा कप्पा रिकामा. मंगळ, बुध आणि गुरु या तिन्ही कप्प्यांत एकेक पांढरी गोळी पडलेली. बाकी सगळ्या गोळ्या घेतलेल्या, फक्त लघवीची गोळी तीन दिवस तशीच. आजची शुक्रवारची धरली तर चार.

मी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला, खड्डा पडला आणि तसाच राहिला. श्वास मिनिटाला सव्वीस, बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायू ९२. त्या रात्रीचे आमचे विमान होते. उडत्या विमानात हवेचा दाब जमिनीवर असतो तेवढा नसतो. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर बसल्यासारखी स्थिती असते. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही. फुप्फुसांत पाणी साचू लागलेल्या माणसाला त्या अवस्थेत विमानात बसविणे मला मान्य नव्हते. सहल व्यवस्थापकाला तसे सांगून आम्ही तिघे गटापासून वेगळे झालो आणि एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात गेलो. तिथे वजन भरले ते घरच्यापेक्षा तीन किलोने जास्त. छातीचे छायाचित्र, शिरेतून औषध, रात्रभर देखरेख. सकाळपर्यंत त्या एका उशीवर झोपल्या होत्या. विम्याचा अर्ज भरताना जुने सगळे आजार लिहिले होते, त्यामुळे खर्चाचा प्रश्न मार्गी लागला. हप्ता वाढेल म्हणून आजार न लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

त्या रात्री त्यांच्या पलंगाशेजारी बसून मी विचारले, ‘आई, का नाही घेतली?’

‘अगं, बसमध्ये तीस माणसं. माझ्या एकटीसाठी गाडी दोनदा थांबवायची? आणि तिकडचे संडास कुठं, कसे, कुणाला विचारायचं?’

‘मला सांगायचं होतं.’

‘तुला सांगितलं असतं, तर तू मला बोटीवरच बसवून ठेवलं असतंस.’

मला उत्तर देता आले नाही, कारण मी तसेच केले असते. अठ्ठावीस वर्षे मी रुग्णांना ‘गोळी चुकवू नका’ असे सांगत आले. गोळी कोणत्या कारणासाठी चुकविली जाते हे मी घरातल्या माणसाला एकदाही विचारले नव्हते. विचारले असते तर उपाय सोपा होता. फ्युरोसेमाइडचा परिणाम पोटात गेल्यापासून तासाभरात सुरू होतो आणि साधारण सहा तासांत ओसरतो. किनाऱ्यावर उतरायचे असेल त्या दिवशी ती सकाळऐवजी परत आल्यावर, दुपारी चारच्या सुमारास, घेता आली असती. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी नंतर याला दुजोरा दिला. गोळीची वेळ सरकवता येते, गोळी गाळता येत नाही. मात्र ही वेळ प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदलावी; सर्वांची प्रकृती आणि सर्व गोळ्या सारख्या नसतात. आणि जहाजावरच्या व्यायामशाळेत वजनकाटा असतो. हृदय दुबळे असलेल्या ज्येष्ठांना रोज सकाळी त्यावर उभे करावे. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वजन वाढले, तर तो दोष पुडिंगचा नसून पाण्याचा आहे असे समजून डॉक्टरांना गाठावे.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दोन दिवसांनी आम्ही परतलो. सिंगापूर ते मुंबई साडेपाच तासांच्या आसपास, मग मुंबई ते सातारा मोटारीने आणखी तेवढेच. चार तासांहून लांब प्रवासात एका जागी बसून राहिल्यास पायाच्या खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून दर तासाला घोटे फिरविणे, टाचा-चवडे आळीपाळीने उचलणे, आणि मार्गिकेत एक फेरी. यावेळी आसन मार्गिकेच्या कडेचे आणि स्वच्छतागृहाजवळचे मागून घेतले. विमानतळावर चाकाची खुर्ची आधी नोंदविली. सासूबाईंना तिची लाज वाटत होती, पण रांगेतून पुढे नेल्यावर ती गेली. औषधांचा डबा माझ्या खांद्याच्या पिशवीत, चिठ्ठीसह. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात कधीच ठेवू नये, तिथे ते गोठून निकामी होऊ शकते. द्रुतगती मार्गावर दोनदा थांबलो. दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःहून थांबायला सांगितले.

घरी आल्यावर दोन दिवस ‘जमीन डोलतेय’ अशी त्यांची तक्रार होती. समुद्रावरून उतरलेल्या पुष्कळांना ते होते, मेंदूला स्थिर जमिनीची सवय पुन्हा लागेपर्यंत. काठी हाती ठेवावी आणि वाट पाहावी. महिनाभर टिकले तर मात्र दाखवावे. त्याखेरीज परतल्यावर पंधरा दिवसांत ताप आला तर कुठून आलो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आग्नेय आशियात डेंग्यू आहेच, शिवाय जहाजावरच्या गरम पाण्याच्या कुंडांतून लिजिओनेला नावाच्या जंतूचा न्यूमोनिया पसरल्याची नोंद १९९४ सालापासून आहे. रुग्ण ‘नुसता खोकला’ म्हणतो, डॉक्टर सातारचा खोकला समजून औषध देतात, आणि दिवस वाया जातात.

टॉवेलचा हत्ती कसा करायचा ते सासूबाई त्या मुलाकडून शिकून आल्या आहेत. आमच्याकडच्या टॉवेलचा तो नीट उभा राहत नाही. कापड पातळ आहे, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या महिन्यात भाच्याच्या लग्नासाठी बसने नाशिकला जायचे आहे. परवा भाजी निवडता निवडता त्यांनी विचारले, ‘त्या दिवशी गोळी पोचल्यावर घेतली तर चालेल ना गं?’